चौथीपासून मी घरात 'साहेब' आहे

खाडीकाठ | रविवार, रात्री ११.४०

गेली दोन-तीन वर्षं इथं नुसता वाचतोय. लिहितोय आज पहिल्यांदा. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी २७ वर्षांचा, कोपरखैरण्यात राहतो. आण्णा माथाडी कामगार, दाणा मार्केटला. मूळ गाव पाटण तालुक्यात. मशीद बंदरचा धान्याचा बाजार वाशीला आला तेव्हा टोळीबरोबर आण्णाही इकडं आले. आई घरात खानावळ चालवते. टोळीतली जी माणसं बायकापोरं गावी ठेवून इथं राहतात ती आमच्याकडं जेवतात. सध्या चौदा जण आहेत. माझ्याहून अडीच वर्षांनी लहान एक बहीण आहे.

चौथीत मला स्कॉलरशिप मिळाली. (तेव्हा ती परीक्षा चौथीला असायची, मग काही वर्षं पाचवीला होती.) आण्णांनी टोळीत पेढे वाटले. संध्याकाळी मुकादम घरी आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हा साहेब होणार बघ." त्या दिवसापासून मला घरात नावानं हाक मारणं बंद झालं. आई म्हणते, "साहेब, हात धुवा, पानं घेतलीत." गल्लीत, किराणावाल्याकडं, गावच्या चुलत्यांकडं, सगळीकडं मी साहेबच. जत्रेला गावी गेलो की माझ्यासाठी खुर्ची येते. माझ्याच वयाचे चुलतभाऊ खाली सतरंजीवर बसतात, आणि मी खुर्चीत. लहानपणी याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू.

पण त्या एका शब्दाबरोबर बाकीचं एकेक जात गेलं. सायकलची चेन पडली तर आण्णा स्वतः बसवायचे, साहेबाचे हात काळे होता कामा नयेत म्हणून. गणपतीत ढोल वाजवायची इच्छा होती, तर "ते आपलं काम नाही." आठवीत चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचा फॉर्म आणला, तो तसाच दप्तरात राहिला. कुणी मारलं नाही, ओरडलं नाही. सगळं प्रेमानंच झालं, म्हणून तर तक्रार करायला तोंड नाही.

ग्रॅज्युएशननंतर यूपीएससी. तीन वेळा पूर्व परीक्षा दिली. एकदाही निघाली नाही. तिसऱ्यांदा सीसॅटनं, म्हणजे पूर्वच्या गणित-तर्काच्या पेपरनं, घात केला. २०० पैकी ६६ मिळाले की पास, मला ६१. राज्यसेवेची पूर्व एकदा निघाली, मुख्यला राहिलो. घरच्यांना ही परीक्षा म्हणजे बारावीसारखी वाटते, अभ्यास केला की निघते. २०२३ च्या यूपीएससीला १० लाखांवर अर्ज आले होते, ५ लाख ९२ हजार प्रत्यक्ष बसले आणि शेवटी यादीत नावं आली १०१६. हे आकडे मी आण्णांना एकदा वहीत लिहून दाखवले. ते म्हणाले, "१०१६ आहेत ना? मग एक जागा तुझी."

आता खरी गोष्ट. चार महिने झाले, मी रोज सकाळी बॅग घेऊन अभ्यासिकेला म्हणून निघतो आणि महापे एमआयडीसीत एका गोदामात कामाला जातो. माल उतरवून घ्यायचा, मोजायचा, कुठल्या रॅकला काय लागलंय ते कॉम्प्युटरवर चढवायचं. सतरा हजार मिळतात. घरात कुणालाच माहीत नाही. आणि सांगायची लाज वाटते ती गोष्ट अशी की मला तिथं बरं वाटतं. गोदामात शिरलं की सुतळीचा आणि गोणपाटाचा वास येतो, लहानपणी आण्णांच्या सदऱ्याला यायचा तोच. ज्या गोणीपासून मला लांब ठेवायला त्यांनी तीस वर्षं पाठ झिजवली, त्याच गोणीशी मी परत आलोय. हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?

मागच्या वर्षी मुलाखतीच्या एका वर्गात सरांनी छंद विचारला. मी म्हणालो, वर्तमानपत्र वाचणं. ते म्हणाले, तो अभ्यास झाला, छंद सांग. वर्गात वीस जण होते. मी दोन मिनिटं उभा राहिलो आणि मला एकही गोष्ट आठवेना. त्या रात्रीपासून नीट झोप नाही. मला काय आवडतं हेच मला ठाऊक नाही, कारण साहेबाला काय आवडावं ते आधीच ठरलेलं होतं.

शेवटचं आणि मला सगळ्यात जास्त टोचणारं. बहीण. मी साहेब झालो तेव्हा ती 'कामाची' झाली. "पोरगी कामाची आहे हो." ती चौथीत आली तेव्हा तिला स्कॉलरशिपला बसवलंच नाही. एकाला बसवलंय तेवढं बास झालं. बारावी कॉमर्सनंतर ती खानावळीत.

खानावळीची एक निळ्या पुठ्ठ्याची लांब वही आहे. डावीकडं नावं, वर १ ते ३१ तारखा. दोन्ही वेळ जेवला तर टिंब, एक वेळ असेल तर आडवी रेघ, खाडा असेल तर फुली. कुणी गुरुवार धरतो, कुणी शनिवार, त्यांचा दर वेगळा. कुणी पाहुणा आणला तर त्याचं ताट वेगळं. महिन्याच्या शेवटी बहीण एकेका ओळीवरून बोट फिरवत जाते आणि शेवटच्या घरात आकडा लिहिते. ना कॅल्क्युलेटर, ना कच्चं काम. हे ती सहावीपासून करते. चौदा माणसांत आजवर एकानंही हिशेब चुकला म्हटलेलं नाही. त्या वेळी मी शेजारच्या खोलीत गाइड उघडून शेकडेवारी घोकत असायचो, आणि आई म्हणायची, "साहेब अभ्यास करतोय, आवाज करू नकोस." सीसॅटच्या तयारीत एकदा मी एक गणित मोठ्यानं वाचलं, तर तिनं तव्यावरची पोळी उलटत उत्तर सांगितलं. बरोबर होतं. आम्ही दोघंही हसलो आणि विसरलो. आता ते आठवलं की पोटात कालवतं. एका घरात एक हुशार ठरला की दुसऱ्याची हुशारी दिसेनाशीच होते का?

आण्णांना कसं सांगू, आणि बहिणीचं काय करू, दोन्ही विचारतोय.

---

जास्वंद_नौपाडा | सोमवार, सकाळी ७.१५

तुमचं लिखाण रात्रीच वाचलं, उत्तर सुचायला सकाळ उजाडली.

मी दुसऱ्या बाजूची आहे, शिक्का मारणारी. माझी मोठी साडेतीन वर्षांची असताना धाकटा झाला आणि ती एका रात्रीत 'समजूतदार' झाली. सगळ्यांसमोर मी कौतुकानं सांगायचे, आमची मोठी कधी हट्ट करत नाही. ती सहा वर्षांची असताना तलावपाळीला बोटीत बसायला गेलो होतो. खूप रांग होती, वेळ संपत आली होती, एकच फेरी मिळणार होती आणि जागा तिघांचीच. ती आपणहून म्हणाली, "त्याला बसव, मी आजीजवळ थांबते." मी तिचा मुका घेतला. बोट तलावाच्या मध्ये गेल्यावर मी काठाकडं पाहिलं, तर ती कठडा धरून बोटीकडं बघत होती. हात हलवला तरी हलवला नाही तिनं.

आज ती एकवीस वर्षांची आहे. हॉटेलात गेलो आणि काय मागवू विचारलं, की ती आधी माझ्या तोंडाकडं बघते, मग "काहीही चालेल" म्हणते. तिच्या 'काहीही चालेल'ची सुरुवात त्या काठावर झाली, असं मला आता वाटतं. परवा तिला हे बोलून दाखवलं. ती बोटीची फेरी तिला तारखेसकट आठवत होती.

तुमच्या आण्णांना वाईट वाटेल. पण कळू द्या त्यांना. मला कळलं ते बरं झालं.

---

रोखठोक_वागळे | सोमवार, दुपारी १.०५

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग नसावा.

वागळे इस्टेटमधली वडिलांची कंपनी बंद पडली तेव्हा मी सातवीत होतो. घरात दोन महिने भांडण आणि उसनवारी. त्या काळात वडील मला सगळ्यांसमोर 'इंजिनियर' म्हणायचे. माझे सोबती एकेक करून नाक्यावर उभे राहायला लागले. मीही दोनदा गेलो. तिसऱ्यांदा पाय उचलला नाही, कारण इंजिनियर नाक्यावर कसा उभा राहील? आयटीआय, मग डिप्लोमा, मग नोकरी करत डिग्री. त्या एका शब्दानं मला धरून ठेवलं.

ज्यांच्याकडं जमीन नाही, ओळख नाही, पैसा नाही, त्यांनी पोराला द्यायचं तरी काय? एक शब्द देतात. माथाडी कायदा १९६९ ला आला, अण्णासाहेब पाटलांनी माणसं उभी केली म्हणून हजेरी, रजा, बोनस, फंड मिळाला. त्याआधी पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसाला बाजारात 'ए हमाल' एवढंच नाव होतं. तुमच्या आण्णांनी तुम्हाला साहेब म्हटलं यामागं त्यांनी आयुष्यभर ऐकलेलं काय काय असेल, याचा विचार करा. ते तुमच्यावर लादलेलं नाही, त्यांनी स्वतःला मिळालं नाही ते तुम्हाला घातलंय.

बहिणीच्या बाबतीत मात्र माझ्याकडं उत्तर नाही. मलाही एक बहीण आहे. तुमचं वाचून तिला फोन केला.

---

पाटीपेन्सिल | सोमवार, रात्री ९.५०

पस्तीस वर्षं शिकवलं, त्यातली बरीच कळव्यात. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली.

वरचं दोघांचंही पटलं. तरी अपेक्षा निराळी आणि शिक्का निराळा, असं मला वाटतं. "तू हे करू शकशील" ही अपेक्षा. "तू असाच आहेस" हा शिक्का. पहिल्यात पोराला हलायला जागा असते.

अमेरिकेत १९६८ मध्ये रोझेन्थल आणि जेकबसन यांनी एका प्राथमिक शाळेतला प्रयोग प्रसिद्ध केला. शिक्षकांना काही मुलांची नावं दिली आणि सांगितलं की चाचणीवरून ही मुलं यंदा झपाट्यानं पुढं जातील असं दिसतंय. प्रत्यक्षात ती नावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली होती, साधारण पाचातलं एक मूल. वर्षाअखेर पहिली-दुसरीतली ती मुलं खरोखर पुढं गेली. वरच्या वर्गांत फरक फारसा दिसला नाही, आणि हा परिणाम किती मोठा यावर नंतर बराच वादही झाला. पण तो कसा घडतो हे मला वर्गात उभं राहून ठाऊक आहे. ज्याला मी हुशार धरलं होतं त्याला प्रश्न विचारला की मी थांबायचे. तो अडखळला तर हसून म्हणायचे, आठव, आठव. ज्याला मठ्ठ धरलं होतं त्याच्याकडं बोट करून लगेच पुढच्याकडं वळायचे. त्याला विचार करायला मी वेळच दिला नाही, आणि त्याला येत नाही असा शेरा मात्र दिला.

अशा एका मुलाचं मनात राहिलंय. तोंडी सगळं यायचं, लिहायला दिलं की 'म' चा 'भ', अक्षरं पुढं-मागं. घरी त्याला 'बैल' म्हणायचे, आणि मीही कधी तोंडावर नाही तरी मनात म्हटलं असेल. पुढं महाराष्ट्रात १९९६ पासून अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना दहावीला सवलती मिळायला लागल्या, जादा वेळ, लेखनिक. सायनच्या पालिका रुग्णालयात तपासणी होते हे आम्हाला कळलं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात तर हे २१ प्रकारांत आलंय. तो मुलगा त्याआधीच शाळा सोडून गेला होता. त्याच्यात काय कमी होतं त्याला तेव्हा नाव नव्हतं, म्हणून आम्ही आमचं नाव ठेवलं.

आणि खाडीकाठ, तुमच्यासाठी मुद्दाम. म्युलर आणि ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवर प्रयोग केले होते. कोडी सोडवल्यावर काहींना सांगितलं, तू हुशार आहेस. काहींना, तू मेहनत घेतलीस. मग सगळ्यांना मुद्दाम अवघड कोडी दिली. हुशार म्हटलेली मुलं लवकर खचली, पुढची सोपी कोडीही त्यांची बिघडली. नंतर दुसऱ्या शाळेतल्या मुलांना आपले गुण लिहून कळवायचे होते, तेव्हा हुशार म्हटलेल्यांपैकी दहातल्या जवळजवळ चौघांनी ते वाढवून लिहिले. ती मुलं वाईट नव्हती. हुशार म्हणून नाव मिळाल्यावर कमी गुण सांगायचे कसे, हा त्यांचा प्रश्न होता. तुम्ही चार महिने बॅग घेऊन अभ्यासिकेला निघताय, त्याकडं मी अशीच बघते. स्वतःला लबाड समजू नका.

---

ऐरोली_१९ | मंगळवार, रात्री १२.३०

मी घरात 'नाजूक'. लहानपणी दमा होता. आता चार वर्षं पंप लागलेला नाही, तरी नाजूक. शाळेची एकही सहल केली नाही. कॉलेजात मैत्रिणी जिना चढताना माझी बॅग घेतात आणि मी देते. मला दम लागत नाही. तरी देते. हे आज पहिल्यांदा लिहिलं.

---

समुपदेशन_विद्यार्थी | मंगळवार, सकाळी १०.२०

मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, थोडंच लिहितो. जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये तरुणांची ओळख कशी घडते यावर लिहिताना एक अवस्था सांगितली होती, जिथं स्वतः न शोधताच घरच्यांनी ठरवलेलं आपलं मानलं जातं. बाहेरून माणूस अगदी ठाम दिसतो, आत शोध झालेलाच नसतो. तो कुठल्याही वयात सुरू करता येतो, त्यामुळे छंद आठवला नाही म्हणून घाबरू नका. झोपेचं मात्र अंगावर काढू नका. १४४१६ ही टेली-मानसची, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेची, मोफत फोन लाइन आहे, मराठीत बोलता येतं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच संस्था १९९० पासून हेच काम करते.

---

खाडीकाठ | मंगळवार, रात्री ११.१०

सगळ्यांचे आभार. ऐरोली_१९, पुढच्या वेळी बॅग देऊ नका.

रोखठोक, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. 'ए हमाल' आम्हीही ऐकलंय. मी पाचवीत असताना आण्णांबरोबर मार्केटला गेलो होतो, तेव्हा एका ट्रकवाल्यानं हाक मारली होती. आण्णांनी माझा हात सोडला आणि दोन पावलं पुढं गेले, मी त्यांच्याबरोबर आहे हे दिसू नये म्हणून. हे मी विसरलो होतो.

रविवारी मार्केट बंद असतं. त्या दिवशी सांगतो.

---

खाडीकाठ | पुढच्या आठवड्यात, बुधवार, रात्री १०.४५

सांगितलं.

जेवणं झाली, खानावळीची माणसं गेली, आई ओटा पुसत होती. मी आधी पगाराची स्लिप आण्णांपुढं ठेवली आणि मग बोललो, कारण नुसतं बोललो असतो तर अर्ध्यात थांबलो असतो. आई रडली. आण्णा काहीच बोलले नाहीत. स्लिपची घडी घालून खिशात ठेवली आणि गच्चीवर गेले. सोमवारी गप्प, मंगळवारीही गप्प. घरात चौदा माणसं जेवून जातात आणि ताटांखेरीज आवाज नाही, असं कधी झालं नव्हतं.

आज सकाळी सहाला ते चहा पीत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "तिथं थाप्पी कशी लावत्यात? खाली लाकडी फळ्या असत्यात का तसंच जमिनीला?" म्हटलं, फळ्या असतात, प्लास्टिकच्या पण. "भिंतीपासून लांब ठेवत्यात का?" म्हटलं, हातभर. "हातभर कमी हाय. ओल धरती. पावसाळ्यात दीड हात सोडाय सांग." एवढंच. मग पायात चपला घातल्या आणि गेले. आई अजून साहेबच म्हणते, मी ओ देतो.

बहिणीचं वेगळंच झालं. मी तिला वही आणि सीसॅटचं सगळं बोलून दाखवलं, माफी मागितली. म्हटलं, मुक्त विद्यापीठातून बी. कॉम. कर, फी मी भरतो, तू माझ्यापेक्षा हुशार आहेस. ती ऐकत होती. मग म्हणाली, "दादा, आता तू मला हुशार म्हणायला लागू नकोस. कामाची म्हणतात तेच मला पुरलंय, वर अजून एक नको." मी गप्प बसलो. थोड्या वेळानं तीच म्हणाली, शिकायचं की नाही ते ती बघेल, पण खानावळ तिला तिच्या नावावर करून हवी आहे. चौदाच्या तीस करायच्या आहेत, रबाळ्याच्या कंपन्यांत दुपारचे डबे द्यायचे आहेत. कुठल्या डब्याला किती सुटतात, गॅस किती, टेम्पो किती, सगळं तिनं त्याच वहीच्या शेवटच्या पानांवर मांडून ठेवलंय. पान जुनं आहे, गॅसचा भाव तीन वर्षांपूर्वीचा धरलाय. तीन वर्षं ते पान तिथं होतं.

काल रात्री बसून फूड लायसन्सच्या नोंदणीचा ऑनलाइन फॉर्म भरायला घेतला. अर्जदाराच्या नावापाशी तिनं माऊस माझ्या हातातून घेतला. पण एका जागी अडलोय. घर आण्णांच्या नावावर आहे, वीजबिलही त्यांचंच. जागेचा पुरावा म्हणून ते चालेल का? कुणी केलं असेल तर सांगा.

---

जास्वंद_नौपाडा | बुधवार, रात्री ११.२०

चालतं. माझ्या जावेनं मागच्याच वर्षी केलं, पोळीभाजीचं. वडिलांकडून साध्या कागदावर ना-हरकत लिहून सही घ्या आणि वीजबिलाबरोबर जोडा. बहिणीचं आधार आणि फोटो तयार ठेवा. मोबाइल नंबर तिचाच द्या, ओटीपी त्यावर येतो.

---

खाडीकाठ | गुरुवार, सकाळी ६.३०

आण्णांनी आत्ता सही केली. 'अर्जदाराशी नाते' म्हणून काय लिहायचं विचारलं, मी सांगितलं 'वडील'. मग त्यांनी तिचं पूर्ण नाव विचारलं. घरात तिला कुणी पूर्ण नावानं हाक मारत नाही, त्यांना स्पेलिंग आठवेना. तिनं शेजारी बसून एकेक अक्षर सांगितलं आणि त्यांनी लिहिलं.